हिमालयाचे भूकंप आणि आमची दप्तरे

गेल्या उन्हाळ्यात हिमायतनगरातील आमचे घर पाडले. ‘विकासाला दिले’ असे हल्ली म्हणतात, पण तो शब्दप्रयोग माझ्या तोंडात बसत नाही. पुढे ओसरी, मागे विहीर, विहिरीशेजारी बदामाचे झाड, असे आजोबांनी बांधलेले घर होते. आता तेथे खाली मोटारी आणि वर पाच मजले उभे राहतील. घर रिकामे करताना माळ्यावरून दोन लाकडी पेट्या निघाल्या. आत रुमालांत बांधलेली मोडी दप्तरे होती. कोणी एक पूर्वज कोणा सरदाराच्या पदरी कारकून होते, एवढेच घरात ठाऊक. मोडी वाचणारे आजोबा शेवटचे. कागदांच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, धूळ नाकात जात होती आणि खाली टेंपो उभा होता. मी रद्दीवाल्याला हाक मारली. कागदांचे वजन झाले, पैसे हातात पडले आणि त्यात हमालांचा चहा झाला.

त्या दिवशी मला लाज वाटली नाही. ती तीन महिन्यांनी वाटली, आणि तीही हिमालयामुळे. हैदराबादेतल्या माणसाच्या माळ्याचा हिमालयाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. मीही तेच विचारले असते.

उप्पल रस्त्यावर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. १९६१ साली ती स्थापन झाली, म्हणजे तिचे वय आता साठीच्या पुढे गेले. तरी आपल्यापैकी कितीजणांनी तिच्या फाटकाच्या आत पाऊल टाकले असेल, शंकाच आहे. भाच्याच्या आग्रहाने मी तेथे एका व्याख्यानाला गेलो. विषय होता हिमालयातील मोठे भूकंप आणि त्यांचा अभ्यास. मला वाटले होते, यंत्रे, आलेख आणि न समजणारी समीकरणे यांत तास जाईल. निम्मा तास तसा गेलाही. पण उरलेल्या निम्म्या तासात जे ऐकले, आणि त्यानंतर कुतूहलाने जे वाचत गेलो, त्याने झोप उडाली.

मूळ गोष्ट सोपी आहे. आपली भारतभूमी उत्तरेकडे सरकते आहे. संस्थेच्या आवारातच उपग्रहांच्या साहाय्याने जागा मोजणारे एक केंद्र आहे. त्याच्या मोजणीप्रमाणे आपण हैदराबादकर, चारमिनारासकट, वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे जात आहोत. पुढे आशियाचा प्रचंड खंड उभा. त्याच्याखाली भारताची कड शिरते आहे आणि या रेटारेटीपैकी वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एवढा वाटा एकट्या हिमालयाला सोसावा लागतो. दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण खालचा खडक व वरचा पर्वत ही दोन्ही सुमारे शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात एकमेकांना घट्ट चिकटून बसली आहेत. पावसाळ्यात फुगलेले फडताळाचे दार आठवावे. आपण ओढतो, ते हलत नाही. आणखी ओढतो, फळी वाकते, कुरकुरते. आणि मग एकाएकी ते असे निघते की आपण मागे कोलमडतो. पाचशे वर्षे दोन-दोन सेंटिमीटर साठले तर दहा मीटर झाले. ते दहा मीटर दोन-तीन मिनिटांत सुटले की महाभूकंप होतो.

२००१ साली रॉजर बिल्हॅम, विनोद गौर आणि पीटर मोल्नार या तिघांनी असाच हिशेब मांडून जगाचे लक्ष वेधले होते. हिमालयाच्या बऱ्याच भागांत साठलेला ताण एक किंवा अनेक महाभूकंपांना पुरेसा आहे, असे त्यांचे म्हणणे. यांतले गौर हे आपल्या उप्पल रस्त्यावरच्या संस्थेचे एके काळचे संचालक, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

आता खरी अडचण पाहा. जमाखर्चात जमेची बाजू उपग्रह सांगतो. खर्चाची बाजू कोण सांगणार? कोणत्या भागात, कोणत्या साली, किती ताण सुटला? शेवटचा मोठा भूकंप कुठपर्यंत फाटत गेला? हे कळल्याशिवाय शिल्लक निघत नाही. भूकंपलेखक यंत्रे जगात आली त्याला सव्वाशे वर्षांहून थोडा अधिक काळ झाला. (बेगमपेठेतील आपल्या निजामिया वेधशाळेतही असे यंत्र चालत असे.) त्या काळात हिमालयाच्या रांगेने मोजके मोठे धक्के दिले: १९०५ साली कांगडा, १९३४ साली बिहार-नेपाळ, १९५० च्या स्वातंत्र्यदिनी आसाम-तिबेटच्या सीमेवर, २००५ साली काश्मीर आणि २०१५ साली पुन्हा नेपाळ. उपग्रहांची मोजणी तर तीसेक वर्षांची. ज्या घटनेचे चक्र पाचशे ते हजार वर्षांचे, तिची तीस वर्षे पाहणे म्हणजे चोवीस तासांच्या सप्ताहातला दीड तास ऐकून बुवांची परीक्षा करण्यासारखे आहे.

म्हणून शास्त्रज्ञ दोन मार्गांनी मागे जातात. पहिला मार्ग कुदळीचा. जेथे पर्वत संपून मैदान सुरू होते, त्या रेषेवर ते कित्येक मीटर खोल चर खणतात. चराच्या भिंतीवर वाळूचे, गाळाचे, दगडगोट्यांचे थर दिसतात. एखाद्या भूकंपात जमीन पृष्ठभागापर्यंत फाटली असेल तर ते थर तुटून एकमेकांवर चढलेले असतात. तुटलेल्या थरांतला कोळशाचा तुकडा आणि त्यांच्यावर नंतर बसलेल्या अखंड थरातला कोळशाचा तुकडा, या दोन्हींतल्या किरणोत्सारी कार्बनावरून त्यांचे वय काढायचे. भूकंप या दोहोंच्या मधला. हिमाचलपासून नेपाळच्या पूर्वेपर्यंत असे चर खणले गेले आहेत. पण कोळसा तारीख सांगत नाही, तो शतक सांगतो. ‘साधारण या दोनशे वर्षांत केव्हातरी’ एवढ्यावर त्याची साक्ष संपते. आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्या चरातही तेवढाच मोघम काळ निघाला तर दोन्ही ठिकाणी फाटलेली जमीन एकाच महाभूकंपाची की पन्नास वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मध्यम भूकंपांची, हे कोळशाच्या बापालाही सांगता येणार नाही.

तेथे दुसरा मार्ग लागतो, आणि तो आपल्या माळ्यावरून जातो. तो मार्ग म्हणजे लिहिलेला कागद.

नेपाळच्या वंशावळींत लिहिले आहे की १२५५ साली मोठा धरणीकंप झाला, काठमांडूच्या खोऱ्यातील तिसरा हिस्सा माणसे मेली आणि राजा अभय मल्लही त्यातच गेला. पुष्कळ दिवस ही बखरकाराची अतिशयोक्ती वाटत होती. अलीकडे पूर्व नेपाळच्या पायथ्याशी चर खणला, तेव्हा १९३४ च्या फाटीच्या खाली आणखी एक जुनी फाट निघाली आणि तिचा काळ त्या वंशावळीशी जुळला. कुदळ आणि पोथी यांनी एकमेकींची साक्ष दिली. दोन्हींपैकी एक नसती तर दुसरीचे कोणी फारसे ऐकले नसते.

१५०५ ची गोष्ट याहून मौजेची आहे. त्या वर्षी जूनमध्ये मुस्तांग आणि पश्चिम तिबेट उद्ध्वस्त झाल्याचे तिबेटी ग्रंथांत नमूद आहे. इकडे फारशी तवारिखा सांगतात की हिजरी ९११ च्या सफर महिन्याच्या तिसऱ्या दिवशी आग्र्याला जबरदस्त भूकंप झाला. त्याच सुमारास बाबर काबुलात होता आणि तेथील भूकंपाचे वर्णन त्याने आत्मचरित्रात केले आहे. हे सारे एकच का? सफरची तीन तारीख म्हणजे ६ जुलै. तिबेटी ग्रंथांतला भूकंप ६ जूनचा. बरोबर महिन्याचे अंतर! म्हणजे आग्र्याची नोंद काबूलच्या दिवसाशी जुळते, तिबेटच्या नाही. कोणा मुनशीने दिवस न लिहिता नुसते ‘त्या साली’ एवढेच लिहिले असते, तर काबूलचे येणे हिमालयाच्या खाती पडले असते आणि मध्य हिमालयातील त्या भूकंपाचा आकार विनाकारण फुगला असता. कारकुनाने तारीख टाकली, पाचशे वर्षांनी ती कामाला आली.

आणि आता १८०३. येथे मात्र मराठी माणसाने कान टवकारावेत. त्या वर्षी १ सप्टेंबरला मध्यरात्र उलटल्यावर गढवालात मोठा भूकंप झाला. श्रीनगर, उत्तरकाशीकडची वस्ती कोसळली. मथुरेत जमिनीला भेगा पडून पाणी उसळले. दिल्लीच्या कुतुबमिनारावरची छत्री पडली. पुढे स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे आपल्या पसंतीची नवी छत्री बसवली आणि ती इतकी विजोड दिसली की अखेर उतरवून खाली बागेत ठेवावी लागली. हे सारे झाले तेव्हा दिल्ली, मथुरा, आग्रा, अलीगड हा मुलूख कोणाच्या ताब्यात होता? दौलतराव शिंद्यांच्या. भूकंपानंतर तीन दिवसांनी, ४ सप्टेंबरला, लेकने अलीगडचा किल्ला घेतला. ११ तारखेला दिल्लीची लढाई झाली. २३ तारखेला इकडे आपल्या मराठवाड्यात असईची. त्या महिन्यातील लढाया आपल्याला तारीखवार पाठ आहेत. त्याच महिन्यात पायाखालची जमीन हलली होती, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक होते? मला तरी नव्हते, आणि मी स्वतःला इतिहासाचा वाचक म्हणवतो.

या भूकंपाच्या आकाराविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. तो आठाच्या घरातला महाभूकंप होता की साडेसातच्या आसपासचा, हे ठरवण्यासाठी ते गढवाल-कुमाऊंमधील जुन्या देवळांचे कललेले कोपरे आणि दुरुस्तीचे सांधे तपासत फिरतात, इंग्रज प्रवाशांची वर्णने उलगडतात. कोणत्या गावी भिंती पडल्या, कोठे नुसता गिलावा पडला, कोठे विहिरीचे पाणी हिंदकळले आणि कोठे झोपलेला माणूस जागाही झाला नाही. अशा प्रत्येक गावाला आकडा देऊन नकाशावर मांडतात आणि त्यावरून भूकंपाचे केंद्र व बळ काढतात. आर. डी. ओल्डहॅमने १८९७ च्या आसामच्या भूकंपानंतर गावोगावची अशीच माहिती जमवली होती. त्याचे वडील थॉमस ओल्डहॅम यांनी हिंदुस्थानातल्या जुन्या भूकंपांची यादी केली, ती १८८३ साली छापली गेली. आपल्या काळात आर. एन. अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्कृत, फारशी वगैरे साधनांतून मध्ययुगातले भूकंप शोधून काढले. या पद्धतीत एक गंमत आहे: ‘आमच्या गावी काही झाले नाही’ असे सांगणारे पत्र ‘आमचा वाडा पडला’ या पत्राइतकेच मोलाचे. नकाशाची कड तेच आखून देते.

मग १८०३ च्या भाद्रपदात उत्तर हिंदुस्थानातून घरी पत्र लिहिणारे मराठे कारकून, वकील, सावकार थोडे का होते? आपली माणसे लिहिण्यात कधीच मागे नव्हती. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे याच हैदराबादेत बसून पुण्याला दरबारची बित्तंबातमी कळवीत. त्यांची पत्रे छापली गेली, कारण त्यांत राजकारण होते. ज्या पत्रांत राजकारण नव्हते, नुसते क्षेमकुशल, धान्याचे भाव आणि ‘रात्रौ धरणी हालली’ अशी एखादी ओळ असेल, ती कोणी छापणार नाही. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे वाचवली, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. माळा मात्र झाडत नाही. झाडलाच तर माझ्यासारखा झाडतो.

भाच्याला हे पटले नाही. तो अभियंता आहे आणि वादाला पक्का. “मामा, तुम्ही फार हळवे होता. आता उपग्रह मिलिमीटरभर हालचाल टिपतात. तुमच्या कारकुनाच्या एका ओळीने काय होणार?”

मी त्याला लॅम्टनचे उदाहरण दिले. विल्यम लॅम्टनने भारताची मोजणी सुरू केली. पुष्कळ दिवस त्याचा तळ याच हैदराबादेत होता आणि १८२३ साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला तो वारला. तेथे त्याची कबर आहे. या मोजणीचा हेतू नकाशे काढणे. पुढे तिचे त्रिकोण आसामपर्यंत पोहोचले. १८९७ चा भूकंप झाल्यावर तिकडचे काही त्रिकोण पुन्हा मोजले गेले आणि आकडे कागदांत पडून राहिले. शंभर वर्षांनी, २००१ साली, बिल्हॅम आणि इंग्लंड या दोघांनी ते जुने आकडे काढून पुन्हा हिशेब केला. तेव्हा शिलाँग पठाराची उत्तर कड त्या भूकंपात निदान अकरा मीटर उचलली गेली असे निघाले, आणि आतापर्यंत कोणाला न दिसलेला मोठा भ्रंश सापडला. आकडे लिहिणाऱ्याला भ्रंश ही कल्पनाही नसेल.

भाचा म्हणाला, “ते शास्त्रीय मोजमाप होते. तुमच्या दप्तरात तुपाचा हिशेब असणार.”

असेलही. पण १८३३ चा नेपाळचा भूकंप घ्या. त्या दिवशी मुख्य धक्क्याआधी दोन लहान धक्के बसले, लोक घाबरून घराबाहेर आले, आणि म्हणून एवढ्या मोठ्या भूकंपात माणसे तुलनेने थोडी मेली. हे कशावरून कळले? कोणीतरी धक्क्यांच्या वेळा लिहून ठेवल्या म्हणून. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञ त्या जुन्या नोंदींकडे पुन्हा वळले, कारण तसाच भूकंप तेथे पूर्वी येऊन गेला होता की काय, हे त्यांना पाहायचे होते. २०१५ साली काठमांडूचा परिसर सुमारे मीटरभर उचलला गेला, पण फाट पायथ्यापर्यंत पोहोचलीच नाही. चिकटलेल्या पट्ट्याची दक्षिणेकडची कड तशीच अडकून राहिली. अशा भूकंपाची खूण चरातही मिळणार नाही. त्याची आठवण राहिली तर कागदातच.

हा केवळ विद्वानांचा खेळ आहे असे कोणी समजू नये. टिहरीच्या धरणाविषयी वर्षानुवर्षे जो वाद झाला, त्याचे मूळ याच प्रश्नात होते: किती मोठा भूकंप गृहीत धरून भिंत बांधायची? डेहराडूनचे इस्पितळ, दिल्लीतली शाळा, बद्रीनारायणाच्या वाटेवरचा पूल, सगळ्यांचे बळ पूर्वी काय घडले यावर ठरते. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले-सुना आज दिल्लीकडे आहेत. आणि दख्खन सुरक्षित आहे म्हणून स्वस्थ बसावे तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. किल्लारी हा निजामी राजवटीतला आपला मुलूख. आदल्या वर्षी तेथे लहान धक्के बसत होते, लोक सांगत होते. आणि अनंतचतुर्दशीच्या विसर्जनाहून येऊन निजलेली गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आठ-दहा हजार माणसे! पर्वताशी चाललेल्या त्या रेट्याचाच ताण इथवर पोहोचतो, असे शास्त्रज्ञ मानतात. त्यानंतर संशोधक गोरोबाकाकांच्या तेरला गेले आणि तेथील प्राचीन थरांत फार जुन्या भूकंपाच्या खुणा त्यांना आढळल्या. ‘येथे असे कधी झालेच नव्हते’ या आपल्या बोलण्याला तेवढा आधार उरला.

किल्लारीच्या त्या पहाटेची एक नोंद माझ्या घरात आहे. आई दुधाचा हिशेब ‘कालनिर्णय’वर लिहीत असे आणि जुनी कालनिर्णये तिने कधी टाकली नाहीत. १९९३ च्या सप्टेंबरच्या पानावर ३० तारखेच्या चौकटीत, ‘२ लि.’ च्या खाली, बारीक अक्षरात आहे: ‘पहाटे चारच्या आधी मांडणीतली भांडी वाजली. कोण आहे म्हणून दोनदा विचारले. दादांचा फोटो वाकडा. बाकी काही नाही.’ वेळ, खूण, नुकसान नसल्याची ग्वाही. ओल्डहॅमने याहून अधिक काय मागितले असते? हे पान मी भाच्यापुढे ठेवले. तो बराच वेळ पाहत राहिला. आजीचे अक्षर होते, वाद कसा घालणार?

माझी जुन्या घरांना विनंती एवढीच आहे, आणि ती स्वतः गुन्हा केलेल्या माणसाची आहे. सुलतानबाजारात, काचीगुड्यात, शहाअलीबंड्यात जी घरे अजून उभी आहेत, त्यांच्या माळ्यांवर टेंपो येण्याआधी एकदा चढावे. मोडी वाचणारे अजून आहेत, शिकवणारेही आहेत. कागद आपल्याकडेच ठेवायचे असतील तर ठेवावेत, पण त्यांची छायाचित्रे काढून एखाद्या संशोधन मंडळाला द्यावीत. ‘भूकंप’ हाच शब्द शोधू नये. ‘धरणीकंप’, ‘भुई हालली’, विहिरीचे पाणी, देवळाचा कळस, तुटलेला चुना, असे काहीही असू शकेल. शके, फसली, हिजरी जे लिहिले असेल ते जसेच्या तसे उतरून घ्यावे, आपल्या मनाने इंग्रजी तारीख बसवू नये. आणि आपल्या मंडळांनी, परिषदांनी दरवर्षीच्या व्याख्यानमालेतले एखादे पुष्प उप्पल रस्त्यावरच्या लोकांना द्यावे. ते शहाण्यासारखे बोलतात. ‘केव्हा होणार’ असे विचारले की ‘सांगता येत नाही’ म्हणतात, म्हणून ज्योतिषापेक्षा त्यांची किंमत कमी करू नये.

एक रुमाल मात्र माझ्या हातून वाचला होता. देव्हाऱ्याचा एक पाय आखूड, त्याखाली तो अडणी म्हणून वर्षानुवर्षे होता. देव हलवले तेव्हा सापडला. भाच्यानेच काचीगुड्यातले एक वृद्ध मोडीवाचक गाठले. गेल्या दोन रविवारी आम्ही तिघे बसलो. शके १७५५ ची रोजकीर्द निघाली. म्हणजे १८३३ च्या नेपाळच्या भूकंपाचेच वर्ष. तूप, कडबा, एका बैलाची किंमत, कोणाच्या तरी बारशाचा खर्च. भूकंपाचा शब्द नाही. हिशेबाच्या वहीत तो लिहायची रीतही नसते, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही, असे भाच्यानेच मला बजावले. अजून चाळीस बंद वाचायचे आहेत.